इंग्लंडच्या खेड्यातली वंशावळ: चुकीचा पूर्वज कसा पकडायचा आणि कसा काढायचा

आमच्या जिन्यात एक वंशावळ टांगलेली होती. नवऱ्याच्या आत्येआजीने सुवाच्य अक्षरात काढलेली, नॉरफोकमधल्या शेतमजुरांच्या सात पिढ्यांची. तिच्यातला विल्यम १८०९ साली जन्मला, त्याला दोन बायका आणि नऊ मुलं. मी गावच्या चर्चचं मूळ रजिस्टर उघडलं तेव्हा कळलं की हा विल्यम पाच महिन्यांचा असतानाच गेला होता. नऊ मुलांचा बाप दुसराच विल्यम, तीन मैलांवरच्या गावचा.

तेव्हापासून इंग्लिश सासर असलेली किंवा मुलांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी धडपडणारी ओळखीतली मराठी मंडळी आपापले तक्ते माझ्याकडे घेऊन येतात. बहुतेकांची चूक एकाच जागी असते. आपल्याला सवय असते ती त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीची, जिथे सगळं घराणं एका पानावर भेटतं. इंग्लंडच्या खेड्यात जन्म, लग्न, दफन सगळं सुटं सुटं नोंदलेलं असतं. घराणं आपण जोडायचं असतं आणि घोटाळा जोडतानाच होतो.

## टप्पा १: वेबसाइट उघडण्याआधी

एक कोरी वही घ्या. तक्ता काढू नका, विधानं लिहा. ‘विल्यमचा बाप जॉन’ हे एक विधान. त्याच्यापुढे लिहा: हे कशावरून? ‘आत्येआजीच्या तक्त्यावरून’ हे उत्तर चालेल, पण तसं स्पष्ट लिहा. ज्या विधानापुढे मूळ नोंद नाही त्यावर पेन्सिलीने फुली मारा. घरातल्या तक्त्यांत निम्म्याहून जास्त फुल्या पडल्या तर घाबरू नका, आमच्याकडेही पडल्या होत्या.

मग नकाशा. इथे तीन हद्दी एकमेकींवर पडतात आणि नवखा माणूस त्या एकच समजतो. पॅरिश म्हणजे चर्चचं गाव. बाप्तिस्मा, लग्न, दफन तिथे. रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी नोंदणीचा विभाग. त्यात बरीच गावं येतात आणि कधीकधी तो शेजारच्या काउंटीतही, म्हणजे जिल्ह्यातही, घुसतो. तिसरी हद्द चर्चच्या न्यायालयांची, ती मृत्युपत्रांसाठी लागते. आपल्या गावाभोवती दहा मैलांचं वर्तुळ काढा आणि त्यातल्या प्रत्येक पॅरिशचं नाव वहीत उतरवा. शेतमजूर वर्षाच्या बोलीवर राहायचा, मायकलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेरीस, मालक बदलायचा. एका कुटुंबातली चार भावंडं चार गावांत बाप्तिस्मा झालेली सापडतात.

गावाचं नाव लोक कसं उच्चारतात तेही विचारून घ्या. लिहितात वायमंडहॅम, म्हणतात विंडम. लिहितात हॅपिसबर्ग, म्हणतात हेझ्बरा. जनगणनेचा कारकून कानाने ऐकून लिहायचा आणि ज्याला जन्मगाव विचारलं त्याला बहुधा लिहिता-वाचता येत नसायचं.

थांबा: आडनावाचं एकच ‘बरोबर’ स्पेलिंग असतं असं धरून शोधू नका. एकाच माणसाच्या लग्नात एक, मुलाच्या बाप्तिस्म्यात दुसरं आणि दफनात तिसरं स्पेलिंग सर्रास मिळतं. ‘आमच्या आडनावात शेवटी ई आहे’ हा अभिमान विसाव्या शतकातला.

## टप्पा २: आजपासून मागे, एकही पायरी न गाळता

घाई असते ती १७००च्या पलीकडे पोचायची. पण सुरुवात जिवंत माणसांपासून. १९३९चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताच केलेली देशभरची नावनोंदणी, २९ सप्टेंबर १९३९ला झालं, त्यात पूर्ण जन्मतारीख मिळते. ज्यांना शंभर वर्षं झालेली नाहीत त्यांच्या ओळी सहसा झाकलेल्या असतात. बायकांच्या आडनावावर नंतर काट मारून नवं आडनाव लिहिलेलं दिसलं तर ते बहुतेक पुढच्या लग्नाचं.

मग १९२१ची जनगणना आणि तिथून दहा-दहा वर्षं मागे १८४१पर्यंत. १९३१ची शोधू नका, ती १९४२च्या आगीत गेली. १९४१ची झालीच नाही.

या सगळ्यांत १९११ची मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेली आहे. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती, वारली किती, हे त्यात विचारलंय. ‘नऊ, सहा, तीन’ असे तीन आकडे दिसले की वहीत तीन रिकाम्या ओळी सोडा. ती तीन वारलेली मुलं सापडल्याशिवाय कुटुंब पुरं झालं असं म्हणायचं नाही.

१८४१ मात्र फसवी. पंधरा वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायचं ठरलं होतं, त्यामुळे तीस म्हणजे तीस ते चौतीस काहीही. नातं लिहिलेलंच नाही. एका छपराखालचे एक पुरुष, एक बाई आणि चार मुलं म्हणजे नवरा-बायको-मुलं असंच असेल असं नाही. भाऊ, बहीण आणि तिची मुलंही असू शकतात. नावांच्या कडेला तिरक्या रेघा असतात त्या पाहा: एक रेघ म्हणजे कुटुंब संपलं, दोन म्हणजे घर संपलं. जन्मगावाऐवजी फक्त ‘याच काउंटीत जन्म की नाही’ एवढंच मिळतं. नातं आणि जन्माची पॅरिश १८५१पासून.

तपासणी: प्रत्येक माणसाचं जन्मगाव आणि वय *सगळ्या* जनगणनांतून उतरवून एका ओळीत मांडा. आत्येआजीने फक्त १८५१ पाहिली होती. त्यात विल्यमचं जन्मगाव म्हणून तो राहत होता तेच गाव आहे. १८६१मध्ये मात्र शेजारचं गाव. दोन्ही ओळी एकाखाली एक असत्या तर तिला तिथेच खटकलं असतं.

आणखी एक फसगत नात्यांच्या शब्दांची. जुन्या जनगणनेत ‘सन-इन-लॉ’ लिहिलेला दहा वर्षांचा पोरगा जावई नसतो, तो सावत्र मुलगा. ‘मदर-इन-लॉ’ कधीकधी सावत्र आई. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतील असंही नाही. गावात एका नावाची दोन माणसं असली की थोरला आणि धाकटा एवढाच त्याचा अर्थ.

## टप्पा ३: सरकारी दाखले

इंग्लंड आणि वेल्समध्ये नागरी नोंदणी १ जुलै १८३७ला सुरू झाली. सुरुवातीला जन्म नोंदवला नाही म्हणून आईबापांवर फारसं काही होत नसे. सक्ती आणि दंड १८७५पासून. त्याआधीचा एखादा जन्म निर्देशांकात, म्हणजे नोंदींच्या नावसूचीत, मिळाला नाही तर तो झालाच नाही असं नव्हे.

नोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या ऑनलाइन निर्देशांकात जन्मनोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव १८३७पासून दिलंय. जुन्या छापील निर्देशांकात ते १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच होतं, त्यामुळे जुन्या तक्ते काढणाऱ्यांना ही सोय नव्हती. वडिलांचं आडनाव, आईचं माहेर आणि डिस्ट्रिक्ट घालून त्या जोडप्याची सगळी मुलं बाहेर काढा. १९११च्या जनगणनेतली ‘वारलेली तीन’ इथेच सापडतात. माहेरच्या आडनावाची जागा रिकामी असेल तर मूल बहुधा लग्नाबाहेरचं.

तिमाही नीट समजून घ्या. ‘मार्च’ म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि तीही नोंदणीची, जन्माची नाही. नोंदवायला ४२ दिवस मिळत. फेब्रुवारीअखेर जन्मलेलं मूल ‘जून’ तिमाहीत सापडलं तर त्यात गोंधळ काही नाही. जन्मदाखल्यावर तारखेबरोबर वेळही लिहिली असेल तर जुळ्यांकडे लक्ष द्या, इंग्लंडमध्ये वेळ सहसा त्यांच्याच दाखल्यावर येते.

आता सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. दुसऱ्या लग्नाचा दाखला काढा. १८३७नंतरच्या लग्नाच्या नोंदीत वराच्या आणि वधूच्या बापाचं नाव आणि धंदा असतो. त्याआधीच्या नोंदीत नसतो. आमच्या विल्यमचं पहिलं लग्न १८३२चं, त्यावर बापाचा पत्ता नाही. बायको १८४४ला वारली आणि १८४६ला त्याने दुसरं लग्न केलं. ही दुसरी बायको ‘आपल्या रक्ताची नाही’ म्हणून तिचा दाखला घराण्यात कुणी मागवलाच नव्हता. मी मागवला. बाप: रॉबर्ट, मजूर. तक्त्यात बाप जॉन होता.

थांबा: लग्नाच्या दाखल्यावरचा बाप म्हणजे वर किंवा वधूने सांगितलेला बाप. लग्नाबाहेर जन्मलेली माणसं आजोबाचं नाव बाप म्हणून देत, कधी साफ बनवून सांगत. बापाच्या नावापुढे ‘मयत’ नाही म्हणजे तो जिवंत होता असंही नाही. ‘फुल एज’ म्हणजे एकवीस पूर्ण, इतकंच. आणि वधू विधवा असेल तर तिचं लिहिलेलं आडनाव आधीच्या नवऱ्याचं असतं, माहेरचं नाही. आईचं नाव या नोंदीत यायला मे २०२१ उजाडला!

## टप्पा ४: चर्चची रजिस्टरं

१८३७च्या मागे सगळा भार यांच्यावर. ही रजिस्टरं ठेवायचा हुकूम १५३८चा, पण बहुतेक गावांत इतकं जुनं काही उरलेलं नसतं आणि १६४०–१६६०च्या यादवीच्या काळात मोठी भोकं पडलेली असतात.

आधी तीन गोष्टी वेगळ्या ओळखा: निर्देशांक, उतारा (कुणीतरी वाचून लिहिलेली नक्कल) आणि मूळ पानाचं छायाचित्र. फॅमिलीसर्च, फ्रीरेग किंवा पैसे घेणाऱ्या साइटवर नाव टाकल्यावर येतो तो निर्देशांक. तो रस्ता दाखवतो, पुरावा होत नाही. छायाचित्र ऑनलाइन नसेल तर काउंटीच्या अभिलेखागाराला पत्र टाकून प्रत मागवा. पुण्यात बसूनही हे होतं. आणि त्या साइटवर त्या गावाची *कोणती वर्षं* चढवलेली आहेत ते आधी पाहा. १७९० ते १८०५ चढवलेलीच नसतील तर ‘सापडलं नाही’ याला काही अर्थ नाही.

नोंद वाचताना:

१८१३पासून छापील नमुना आला. बाप्तिस्म्यात राहायचं गाव आणि बापाचा धंदा, दफनात वय. त्याआधी काय लिहायचं ते पाद्रीबुवांच्या मर्जीवर. नॉरफोकच्या कित्येक गावांत मात्र १८१३च्या आधीची काही दशकं बाप्तिस्म्यात आईचं माहेरचं नावही लिहिलेलं सापडतं. छापील नमुना आला आणि ही सोय गेली.

बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. एकाच दिवशी चार भावंडांचा बाप्तिस्मा उरकलेला दिसतो, त्यातलं थोरलं आठ वर्षांचं.

१७८३ ते १७९४ प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर होता. गरिबांना माफी होती आणि त्यांच्या नावापुढे ‘पी’ लिहिलेलं दिसतं. या वर्षांत काहींनी बाप्तिस्मा पुढे ढकलला. तुमचा माणूस यात हरवला असेल तर १७९४नंतरची पानं चाळा.

तारखांचा घोळ १७५२च्या आधीचा. वर्ष २५ मार्चला बदलायचं. रजिस्टरमध्ये लग्न मे १७२० आणि पहिलं मूल फेब्रुवारी १७२० दिसलं की लोक लगेच ‘लग्नाआधीचं’ म्हणून मोकळे होतात. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२१चा. मूल लग्नानंतर नऊ महिन्यांनी झालेलं. वहीत अशी तारीख १७२०/२१ अशीच लिहा.

जुन्या रजिस्टरांत लॅटिनही भेटते: गुलिएल्मस म्हणजे विल्यम, याकोबुस म्हणजे जेम्स. अक्षर सतराव्या शतकाचं असेल तर सेक्रेटरी हँड हे त्या काळचं लिहिण्याचं वळण शिकावं लागतं. ज्यांनी मोडीचा वर्ग केलाय त्यांना हे अवघड जात नाही. आधी त्या लेखकाची अक्षरं वेगळी काढून एक तक्ता करायचा, मग वाचायचं.

तपासणी: पॅरिशच्या रजिस्टरची वर्षाची नक्कल बिशपकडे जायची. ती मिळत असेल तर मूळ नोंदीशी ताडून पाहा. एकात पुसलेलं दुसऱ्यात वाचता येतं, आणि कधी दोन्हीत आईचं नाव वेगळं निघतं.

गावात मेथडिस्ट किंवा इतर पंथाचं चॅपल, म्हणजे अँग्लिकन चर्चबाहेरचं प्रार्थनाघर, होतं का तेही विचारा. अँग्लिकन चर्चमध्ये मुलं दिसत नाहीत पण दफन दिसतात, असं झालं तर बहुधा बाप्तिस्मे चॅपलमध्ये झालेत. मात्र १७५४ ते १८३७ लग्न अँग्लिकन चर्चमध्येच करावं लागे. सवलत होती ती क्वेकर आणि ज्यूंना.

## टप्पा ५: मारून बघा

ही पायरी सगळे गाळतात.

योग्य वर्षात योग्य नावाचा बाप्तिस्मा सापडला की मन भरतं. तिथे थांबायचं नाही. त्या बाळाला मारायचा प्रयत्न करायचा: त्याच गावाची आणि शेजारच्या गावांची दफनं, बाप्तिस्म्याच्या दिवसापासून पुढे, एकेक ओळ वाचायची. आमच्याकडे वीस मिनिटं लागली. १८१०चं पान, एप्रिल महिना, तपकिरी शाई, वरच्या ओळीत एका म्हातारीचं दफन आणि खाली: विल्यम, जॉन आणि मेरीचा मुलगा, बालक. त्याच जोडप्याने दोन वर्षांनी पुढच्या मुलाचं नाव परत विल्यम ठेवलं. वारलेल्याचं नाव पुढच्याला द्यायची इथे रीतच होती. म्हणजे एकाच आईबापांचे दोन विल्यम, आणि धाकटा आमच्या माणसापेक्षा निदान तीन वर्षांनी लहान.

दफन नाही सापडलं तरी काम संपत नाही. त्या नावाचे वर्तुळातले *सगळे* उमेदवार एका कागदावर मांडा आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं ते शोधा. कुणी लहानपणी गेला, कुणी दुसऱ्या गावात दुसऱ्याच बायकोसोबत १८५१मध्ये सापडतो, कुणी सैन्यात गेला. उरतो तो तुमचा, आणि त्याच्याही बाजूने स्वतंत्र पुरावा हवा. आमच्या रॉबर्टच्या मुलाचं शेजारच्या गावात दफन नाही, १८४१ आणि १८५१ला तिथे दुसरा कुणी त्या वयाचा विल्यम नाही, १८४६चा दाखला आणि १८६१चं जन्मगाव जुळतं.

एखादा उमेदवार सैन्यात गेला असेल तर शोध आपल्या दारात येऊ शकतो. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनांच्या नकला लंडनला जायच्या. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांत एन/३ या खुणेखाली आहेत. खडकीला किंवा अहमदनगरला पुरलेला माणूस नॉरफोकच्या रजिस्टरात शोधत बसण्यात अर्थ नाही.

## टप्पा ६: गरिबांचे कागद, शेताचे कागद

शेतमजुराने मृत्युपत्र केलेलं क्वचितच मिळतं. १२ जानेवारी १८५८पासूनची सगळी एका ठिकाणी, सरकारच्या ऑनलाइन प्रोबेट (मृत्युपत्र) सूचीत, आहेत, म्हणून तिथे नाव टाकून बघा. त्याआधीची चर्चच्या वेगवेगळ्या न्यायालयांत विखुरलेली. मुख्य खाण दुसरीकडे आहे.

१६६२च्या सेटलमेंट कायद्याने गरिबाला मदत कुठल्या पॅरिशने द्यायची हे त्याच्या हक्काच्या गावावर ठरायचं. मजूर मदत मागायला आला की दोन न्यायाधीशांपुढे जबाब घेतला जाई: जन्म कुठे, चाकरी कुणाकडे, किती दिवस. लग्नाआधी पुरं वर्ष एका मालकाकडे राबलं तर त्या गावात हक्क मिळे, म्हणून काही शेतकरी मुद्दाम ५१ आठवड्यांचीच बोली करत. हे जबाब पॅरिशच्या पेटीतून काउंटी अभिलेखागारात आलेले असतात. विल्यमचा १८३३चा जबाब मिळाला: जन्म शेजारच्या गावी, बाप रॉबर्ट, अठराव्या वर्षी मायकलमसला अमुक शेतावर. खाली सही नाही, एक वाकडा क्रॉस. एका शेतमजुराने स्वतःबद्दल सांगितलेलं मला मिळालेलं एवढंच.

१८३६च्या कायद्याने झालेले टाइदचे (चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचे) नकाशे म्हणजे आपल्या सात-बाऱ्याचा लांबचा भाऊ. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, मालक कोण, कसणारा कोण, शेताचं नाव, पीक. मजुराचं झोपडंही त्यात भाडेकरू म्हणून येऊ शकतं. १८४१च्या जनगणनेच्या आसपासचा नकाशा मिळाला तर कोण कुणाचा शेजारी ते कळतं, आणि शेजारी पुष्कळदा सासुरवाडीचे निघतात.

थांबा: लग्नात ‘या पॅरिशचा’ असं लिहिलं म्हणजे तो तिथलाच असं नाही. काही आठवडे राहिलेला चाकरही ‘या पॅरिशचा’ होतो.

## टप्पा ७: चूक दुरुस्त करताना

चुकीची फांदी सापडली की लोक ती पुसून टाकतात. पुसू नका. जुना जॉन तसाच ठेवून तोडलेली रेघ काढा आणि कारण लिहा: ‘हा विल्यम एप्रिल १८१०ला वारला, दफन रजिस्टर पाहा’. नाहीतर पाच वर्षांनी कुणी भाचा तोच बाप्तिस्मा शोधून काढेल आणि आनंदाने परत चिकटवेल.

ऑनलाइन सामायिक झाडात बदल करताना आधी नातं तोडा, मग नवं जोडा, आणि कारणाच्या रकान्यात नोंदीचं गाव, वर्ष, पान लिहा. कारण न लिहिलेला बदल आठवड्यात कुणीतरी उलटवतो. निर्देशांकातलं नाव चुकीचं वाचलेलं असेल तर बहुतेक साइटवर दुरुस्ती सुचवता येते. मूळ नोंदच चुकीची असेल, म्हणजे कारकुनानेच विल्यमऐवजी वॉल्टर लिहिलं असेल, तर ती तशीच उतरवायची आणि खाली आपलं मत वेगळं लिहायचं.

डीएनएची मदत होते, पण इतक्या मागच्या पिढीत ती पुसट असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपापसात लग्नं केलेल्या दोन शेजारगावांत जुळणी दोन्हीकडून लागते. कागद झाल्यावरच तिच्याकडे जा.

आत्येआजीची फ्रेम मी भिंतीवरून काढली नाही. मागच्या पुठ्ठ्यावर दुरुस्तीचा कागद चिकटवला. आता रॉबर्टच्या वर रिकामा चौकोन आहे, शेजारी रॉबर्टच्या बाप्तिस्म्याचे दोन उमेदवार पेन्सिलीने. एक १७७९चा, एक १७८१चा. पहिल्याची दफनं १७९३पर्यंत वाचून झालीत.